रायटर घ्यायचा का, हे त्यालाच विचारा

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. मुलगा दहावीत आहे. त्याला वाचता-लिहिताना फार अडतं, तसं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्रही मिळालंय. बोर्डाला रायटर, म्हणजे तो सांगेल ते उत्तर लिहून देणारा लेखनिक, घ्यावा असं शाळेचं आणि आमचं मत. तो म्हणतो, "मले रायटर नोको, पोट्टे हासतीन." पुढं त्याला आयटीआय करायचंय, त्याचे बाबा कॉलेजच म्हणतात. सोळा वर्षांच्या पोराचं किती ऐकायचं?

उत्तर : ताई, बरंच ऐकायचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 4 नुसार दिव्यांग मुलांना स्वतःशी संबंधित प्रत्येक बाबीत मत मांडायचा हक्क आहे, आणि ते मांडता यावं म्हणून वयाला साजेशी मदतही मिळायला हवी. अठरा पूर्ण होईपर्यंत कागदांवर सही तुमची लागेल. पण पेपर त्याला लिहायचाय.

रायटर आणि जादा वेळ या दोन वेगळ्या सवलती आहेत. पुष्कळ घरांत त्या एकच समजतात आणि पोरगं दोन्हींना नाही म्हणून बसतं. जादा वेळ तासाला 20 मिनिटं, म्हणजे मराठीच्या तीन तासांच्या पेपरला आणखी एक तास. तो नुसता वेळ मागू शकतो.

मात्र न वापरताच दिलेला नकार मी तरी पक्का धरणार नाही. शाळेतल्या सराव परीक्षेत एक पेपर रायटर घेऊन देऊ दे, दुसरा स्वतःच्या हाताने, जादा वेळेत. रायटरला उत्तर सांगणं हीसुद्धा सवयीची गोष्ट आहे, पहिल्यांदा गडबड होतेच. मग दोन्ही उत्तरपत्रिका घेऊन त्याच्याशी बोला. हसण्याचं म्हणाल, तर उत्तरं बोलून सांगायची असल्याने बसायची सोय वेगळी करावी लागते. ती कुठं होईल हे मुख्याध्यापकांना विचारून त्याला आधीच सांगा. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत अमरावती विभागीय मंडळाकडे जातो. कापूस वेचणीच्या धामधुमीत त्याची मुदत निसटते, तेवढी सांभाळा.

कुणी सांगेल, अठरानंतर पालकत्वाचा कागद काढून ठेवा. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातली ती सोय स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. तुमच्या मुलाला तिची गरज नाही; अठरानंतर त्याची सही तोच करेल.

राहिला आयटीआय. वाचनातून सुटका म्हणून तो तिकडे बघत असेल तर त्याला सांगा, तिथंही थिअरी आहे आणि तिची परीक्षा संगणकावर होते. हातकामाची खरी ओढ असेल तर गोष्ट वेगळी. बाबांसाठी माहिती : प्रमाणपत्रावर अक्षमता 40 टक्के किंवा जास्त असेल, तर शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 5 टक्के राखीव जागांसाठी तो अर्ज करू शकतो. एक दिवस दोघा बापलेकांना तालुक्याच्या आयटीआयमध्ये पाठवा. वर्कशॉप बघू दे, शिकणाऱ्या पोरांशी बोलू दे. तिथले प्रश्न मुलानेच विचारायचे, एवढं बाबांना निघण्याआधी सांगून ठेवा.