पट्टा परत पाठवू नकोस

नागपूर,
शनिवार, रात्र

प्रिय बेटा,

काल तू मनगट पुढे केलंस तेव्हा मी ते दिव्याखाली धरून बराच वेळ पाहत होते. फिटनेस बँडच्या पट्ट्याखालची पूर्ण कडी लाल नव्हती. बँडची पाठ जिथे टेकते तिथे शेजारी शेजारी दोन काळपट ठिपके होते, तांदळाच्या दाण्याएवढे, आणि त्यांच्याभोवती गुलाबी चौकोन. मग तू बँड उलटा केलास. चार्जिंगच्या दोन पिना बरोबर तेवढ्याच अंतरावर होत्या. मी काही बोलणार तेवढ्यात तू म्हणालीस, "कंपनीचा मेल आलाय काकू, बँड परत पाठवला की पूर्ण पैसे देतात. पाठवून देते नं, झंझट मिटेल."

घरी आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसले. बँड पाठवू नकोस. निदान हे पत्र पूर्ण वाचेपर्यंत तरी नको.

मी वकील नाही, हे तुला माहीत आहे. वकिलाच्या ऑफिसात तक्रारी टाइप करण्यात माझी वर्षं गेली. पण ही गोष्ट मी त्या टेबलावर शिकले नाही. लग्नानंतर दोनेक वर्षांनी सीताबर्डीवरच्या एका दुकानातून मी घड्याळ घेतलं होतं. आठवड्यात मनगटाच्या आतल्या बाजूला, बरोबर बकलच्या आकाराचे फोड उठले, त्यातून पाणी यायला लागलं. दुकानदार फार गोड बोलला. "ताई, ठेवून जा, कंपनीला दाखवतो." चार दिवसांनी नवं घड्याळ हातात ठेवलं. मी खूश. पुढे तीन महिने औषधं चालली, उन्हाळ्यात तिथली कातडी सोलायची. शेवटी औषधांची बिलं घेऊन गेले तर तो म्हणाला, "कोणतं घड्याळ? तुमचं तर बदलून दिलं नं." माझ्याकडे दाखवायला काहीच उरलं नव्हतं. ती बिलं अजून कपाटात आहेत.

म्हणून आधी हे समजून घे की बँडचे पैसे आणि हाताची भरपाई ही दोन वेगळी खाती आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सदोष उत्पादनाच्या जबाबदारीसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात 'हानी' म्हणजे शरीराला झालेली इजा, आजारपण, त्यासोबतचा मानसिक त्रास, इतर मालमत्तेचं नुकसान. खुद्द ती वस्तू बिघडली, तर ते नुकसान त्या 'हानी'त मोजतच नाहीत. कंपनी तुला ज्याचे पैसे देऊ करतेय ते एक खातं. दुसऱ्या खात्याबद्दल त्या मेलमध्ये एक शब्द नाही, आणि बँड गेला की तू ते उघडणार कशाच्या जोरावर? वस्तूत दोष आहे का हे तपासायला ग्राहक आयोग ती सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. ती कंपनीच्या गोदामात असेल तर काय पाठवणार?

तर बँड आता चार्ज करू नकोस, धुऊ नकोस, हातात घालून बघू तर अजिबात नको. बॅटरी आतून बिघडलेली असू शकते. अंथरुणापासून आणि गॅसपासून दूर, स्टीलच्या डब्यात ठेव. सोबत खोका, चार्जर, बिल आणि ती बारीक अक्षरातली माहितीपुस्तिका. पुस्तिका हरवू देऊ नकोस. नीट वापर कसा करायचा आणि धोका काय, हे पुरेसं सांगितलं नसेल तर तोही कायद्याने निर्मात्याचा दोष ठरतो.

आता हाताचं. तू हळद लावलीस, आईने सांगितलं म्हणून. तिची माया मला कळते, पण हळदीच्या पिवळ्यात लाली दिसत नाही, फोटोत तर नाहीच. सोमवारी सकाळी सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीत जा. तोपर्यंत दुकानातून कुठलंही स्टेरॉइडचं मलम आणून लावू नकोस. आज उजेडात फोटो काढ, शेजारी मोजपट्टी ठेवून, म्हणजे आकार कळेल. रोज एक काढ, मूळ फोटो फोनमध्येच राहू दे. पुढे फोटो पुरावा म्हणून द्यायचे झाले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते मी टाइप करून देईन.

डॉक्टरांना बँड दाखव. नम्रपणे विनंती कर की जखम कुठे आहे, केवढी आहे, कोणत्या आकाराची आहे आणि तिथे काय घातलं होतं, हे केस पेपरवर लिहा. आकाराला फार महत्त्व आहे. माझ्यासारखी बकलची छाप असेल तर संशय बकलमधल्या निकेल धातूवर जातो. पूर्ण पट्ट्याखाली खाज असेल तर अडकलेला घाम, साबण, किंवा चिकटवण्यात वापरलेलं एखादं रसायन. तुझे दोन ठिपके पिनांकडे बोट दाखवतात, ते भाजल्याचे आहेत की आणखी कशाचे हे डॉक्टर ठरवतील. ॲलर्जीची शंका आली तर पॅच टेस्ट करतात. पाठीवर छोट्या पट्ट्या चिकटवतात, साधारण 48 तासांनी काढून बघतात आणि पुढच्या एकदोन दिवसांत पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही. या दमट हवेत जीव नकोसा होतो, पण कर.

कंपनी एक वाक्य हमखास म्हणेल, 'तुमची त्वचा संवेदनशील आहे.' ते ऐकून गप्प बसू नकोस. 2014 मध्ये फिटबिटने फोर्स नावाचा बँड परत मागवला, तेव्हा त्वचेला त्रास झाल्याच्या सुमारे 9,900 तक्रारी होत्या आणि फोड आल्याच्या 250. 2022 मध्ये त्याच कंपनीचं आयोनिक घड्याळ बॅटरी तापून भाजल्यामुळे परत मागवलं गेलं. अमेरिकेतल्या 115 तक्रारींपैकी 78 भाजल्याच्या होत्या. त्यातल्या प्रत्येकाने आपलीच कातडी नाजूक म्हणून सोडून दिलं असतं, तर हा आकडा झालाच नसता. तुझा बँड वेगळा आहे, त्याबद्दल मी काही ठरवत नाही, पण तुझी तक्रार नोंदली जायला हवी. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत मागवायचा आदेश देता येतो, आणि अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते.

कंपनीला मेल लिहून उत्तर दे, फोनवर नको. वस्तू पुरावा आहे, तपासायची असेल तर माझ्यासमोर तपासा, असं लिही. ऑनलाइन विकणाऱ्या पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिही. नियमाप्रमाणे त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. त्यांच्या कागदावर 'पूर्ण व अंतिम समझोता' असे शब्द असतील तर सही करण्याआधी मला दाखव. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदव. ते मध्यस्थी करतात, आदेश देत नाहीत, पण त्या तक्रारीच्या नंबराने कंपनी जागी होते.

एवढ्याने नाही जमलं तर सिव्हिल लाइन्समधला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तू इथे राहतेस म्हणून तक्रार इथेच दाखल करता येते, कंपनी कुठलीही असो. वस्तूची किंमत 5 लाखांच्या आत असली की शुल्क लागत नाही. वकील सक्तीचा नाही. मराठीत लिहिलेली तक्रार चालते. मुदत 2 वर्षांची आहे, पण तोवर थांबायचं नाही, डाग पुसट होतात. भरपाई मागताना बिलं, बुडलेले कामाचे दिवस आणि त्रास, जे खरं आहे तेच माग. पाच हजारांच्या जागी पाच लाख लिहिलेली तक्रार मी टाइप केलेली आहे, आणि तिच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवला नव्हता.

आणि एक विचारते, रागावू नकोस. आंघोळीला तू तो काढत होतीस का? झोपेत घट्ट बांधून असायचीस? असेल तर लपवू नकोस. चुकीच्या वापराचा मुद्दा कंपनी काढणारच. पुस्तिकेत काय लिहिलंय ते आपण आधी एकत्र वाचू.

पुढच्या शनिवारी चारनंतर ये. डबा आण, केस पेपर आण, आणि बँड घेतल्यापासूनच्या तारखा एका कागदावर लिहून आण, जशा आठवतील तशा. आईला सांग हळद आता दुधातच टाका म्हणून.

तुझी,
काकू