होणाऱ्या नवऱ्याला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली आहे, लग्न डिसेंबरमध्ये आहे. आम्हाला एकत्र जाता येईल का?

तुम्ही लिहिलंय की त्याला आइंडहोवनला नोकरी मिळाली आहे, १ सप्टेंबरला रुजू व्हायचंय, हॉल मात्र डिसेंबरचा बुक झालाय. तुम्ही पुण्यात नोकरी करता, दोघंही भारतीय आणि दोघंही हिंदू. घरच्यांचं म्हणणं, त्याने पुढे जावं आणि तुम्ही लग्नानंतर जावं. तुम्हाला एकत्रच निघायचंय.

जाता येतं. त्यासाठी लग्न डिसेंबरऐवजी आत्ता, या महिना-दोन महिन्यांत करावं लागेल, आणि ते खरंखुरं करावं लागेल. हे दुसरं वाक्य मी मुद्दाम लिहिलंय, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात.

मी सांगलीची, २०१७ पासून आइंडहोवनला राहते. आमचंही असंच घाईत झालं होतं, त्यामुळे जे सोसलं तेच आधी सांगते. लग्नात रिवाजाप्रमाणे ताटातल्या तांदळावर माझं नवं नाव लिहिलं. नोंदणीचा अर्ज घरातल्या कुणीतरी प्रेमाने भरून आणला आणि त्यात वधूच्या रकान्यात तेच सासरचं नाव घातलं. पासपोर्टवर माझं माहेरचं नाव. मी सही करताना पाहिलं होतं, पण तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. नेदरलँड्सच्या अर्जाची वेळ आली तेव्हा कंपनीच्या बाईंनी विचारलं, "दाखल्यावरची ही व्यक्ती आणि पासपोर्टवरची ही व्यक्ती एकच, हे कशावरून?" दाखला दुरुस्त करणं, पुन्हा साक्षांकन, पुन्हा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून सरकार लावतं तो शिक्का). नवरा पुढे गेला आणि मी चार महिन्यांनी. तो रोज रात्री मोबाईलवर रिकाम्या घराच्या खिडकीतून खालचा सायकलींचा रस्ता दाखवायचा, आणि मी सांगलीत माहेरी, नोकरी सोडून बसलेली. एका रकान्यापायी हे झालं.

म्हणून पहिली विनंती: लग्नाच्या दाखल्यावर तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. नाव बदलायची इच्छा असेल तर स्थिरस्थावर झाल्यावर बदला. तसंही डच नगरपालिकेच्या नोंदवहीत बाईचं नाव जन्माचंच राहतं, नवऱ्याचं आडनाव वापरायचं की नाही हा तिच्या मर्जीचा भाग.

आता "खरंखुरं लग्न" म्हणजे काय ते. आपल्याकडे सर्रास सांगतात, "अरे, आधी नोंदणीचा कागद करून ठेवा, व्हिसा होईल, लग्न मग सावकाश." एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नेमकं असंच प्रकरण आलं होतं. दोघं पायलट, कागद आधी केला, समारंभ पुढच्या वर्षी ठरला, मधल्या काळात बिनसलं. न्यायालयाने सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील तर नुसत्या दाखल्याने विवाह होत नाही. नोंदणी हा झालेल्या लग्नाचा पुरावा आहे, तिने लग्न लागत नाही. तुम्ही परदेशात बायको म्हणून राहणार, तिथला तुमचा हक्क त्या दाखल्यावर उभा असणार. तो पोकळ असला तर तुमच्याखालची जमीनच पोकळ.

तुमच्यापुढे दोन सरळ वाटा आहेत. एक, विशेष विवाह कायदा, १९५४. विवाह अधिकाऱ्यासमोर, तीन साक्षीदार, विधींची गरज नाही. तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य हवं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं पाहिजे. महाराष्ट्रात ही नोटीस नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून देता येते. दुसरी वाट, घरीच किंवा देवळात पंधरा-वीस माणसांत पूर्ण विधींसह लग्न, सप्तपदीसकट, आणि मग महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली नोंदणी. तिथे नमुना ड भरायचा, त्यावर भटजींची सही लागते, तीन साक्षीदार लागतात, लग्नाचा फोटो आणि पत्रिका मागतात. छोट्या लग्नाची पत्रिका कुणी छापत नाही, तेव्हा आधीच कार्यालयात विचारून घ्या की त्याऐवजी प्रतिज्ञापत्र चालतं का.

मी तुमच्या जागी असते तर दुसरी वाट धरली असती. तीस दिवसांची नोटीस वाचते, आणि आजी-आजोबांसमोर अक्षता पडतात. आईबाबांना पटवायला सोपं जातं: लग्न आत्ता, डिसेंबरात सुट्टी काढून यायचं आणि त्याच हॉलमध्ये स्वागत समारंभ करायचा. "मुहूर्त नाही" म्हणतील. घरच्या गुरुजींना फोन करून विचारा, अडचण सांगितली की काढीव मुहूर्त काढून देतात. फक्त एक सांभाळा. लग्नाची तारीख एकच राहू द्या. सगळ्या अर्जांवर, बँकेत, विम्यात आत्ताचीच तारीख लिहा. डिसेंबरची तारीख कुठेही "लग्नाची" म्हणून घालू नका.

दाखला हातात आला की त्याला अपोस्टिल लावून घ्या. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे आणि नेदरलँड्सला तो चालतो. आधी राज्य सरकारच्या पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर कागदाच्या मागे लागतो. म्हणून मूळ दाखला लॅमिनेट करू नका, लॅमिनेट केलेला कागद परत येतो. दाखला फक्त मराठीत असेल तर शपथबद्ध अनुवादकाकडून इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागेल. तिकडे डच, इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच एवढेच चालतात.

दोघांचे जन्मदाखलेही याच फेरीत उरकून घ्या. व्हिसाला ते लागले नाहीत तरी तिथली नगरपालिका नोंदणीच्या वेळी मागते. आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या जन्मनोंदीत बाळाचं नावच नाही, नुसतं "मुलगी" आणि आईवडिलांची नावं. नाव घालून घ्यायला गावी जावं लागतं. माझ्या मैत्रिणीला त्यासाठी लातूर जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीत तीन चकरा माराव्या लागल्या. कपाटातून तो कागद आजच काढून बघा.

व्हिसाचं काम त्यामानाने सोपं आहे. त्याची कंपनी इमिग्रेशन खात्याची, म्हणजे आयएनडीची, मान्यताप्राप्त पुरस्कर्ता (स्पॉन्सर) असेल तर ती त्याचा उच्चकुशल कर्मचारी म्हणून अर्ज भरते आणि त्याच वेळी तुमचाही भरू शकते. २०२५ साली पगाराची अट तीस वर्षांखालच्यांना महिना ४,१७१ युरो आणि तिशीनंतर ५,६८८ युरो होती, सुट्टीचा भत्ता सोडून. दर जानेवारीत आकडा बदलतो. मान्यताप्राप्त कंपनीच्या अर्जावर दोन आठवड्यांत निर्णय देण्याचा आयएनडीचा प्रयत्न असतो. मग भारतातच पासपोर्टवर एमव्हीव्ही नावाचा प्रवेश-व्हिसा लागतो, ९० दिवसांचा. त्यात दोघांनी एका विमानाने जायचं. तुम्हाला डच भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही. त्याने एचआरला आजच ईमेल करावी: "पत्नीचा अर्ज सोबत भरायचा आहे, दाखला अमुक तारखेपर्यंत देतो." नंतर भरू म्हटलं की अर्ज वेगळा होतो आणि वेळही वेगळी लागते.

कुणी सांगेल, लग्न न करताही जाता येतं. तेही खरं आहे. तिथे अविवाहित जोडीदारालाही परवाना मिळतो, अविवाहित असल्याचा अपोस्टिल केलेला दाखला आणि नातं टिकाऊ असल्याचा पुरावा द्यावा लागतो. मग तिकडे नगरपालिकेत लग्न करता येतं, किमान १४ दिवस आधी कळवून. पण तिथे कायद्याने नगरपालिकेतलं लग्न आधी आणि धार्मिक विधी नंतर, उलट चालत नाही. घरचे ज्या लग्नाची वाट बघतायत ते भारतातच व्हायचं असेल तर ही वाट लांबची पडेल.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय, ते तुमच्या नोकरीबद्दल.

त्याच्यासोबत गेलात की तुमच्या रहिवास परवान्याच्या कार्डावर काम करायला पूर्ण मोकळीक असल्याचं लिहून येतं. कुणाचीही परवानगी न घेता पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. अमेरिकेत एच-४ वर, म्हणजे नोकरीवर गेलेल्या नवऱ्यामागून मिळणाऱ्या व्हिसावर, गेलेल्या आपल्या मुली वर्षानुवर्षं घरी बसतात, नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या अर्जाचा ठरावीक टप्पा मंजूर झाल्याशिवाय त्यांना काम करता येत नाही. तुमचं तसं नाही. पण एक बारीक गोष्ट आहे. परदेशातून आणलेल्या कर्मचाऱ्याला तिथे करसवलत मिळते, पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त, कमाल पाच वर्षं. २०२७ पासून ती २७ टक्के होणार आहे. ती मिळायची तर तुम्ही नेदरलँड्सबाहेर राहत असताना नोकरीचा करार झाला पाहिजे. नवऱ्यासोबत जाऊन, घर लावून, मग नोकरी शोधली की तुम्ही तिथल्याच रहिवासी ठरता आणि सवलत सहसा हातची जाते. पाच वर्षांत हा फरक मोठा होतो. म्हणून आत्तापासून अर्ज टाका, मुलाखती पुण्यातूनच द्या. सप्टेंबरच्या आधी करार झाला तर उत्तम. नाही झाला तर दोन महिने मागे राहावं का, हा हिशोब दोघांनी बसून करा. इथे एकत्र जाण्याच्या हट्टापेक्षा पैशाचा विचार करणं चूक नाही. जगातल्या पहिल्या दोनशेतल्या विद्यापीठातून गेल्या तीन वर्षांत पदव्युत्तर पदवी घेतली असेल तर नोकरी शोधण्यासाठी स्वतःच्या नावाचा एक वर्षाचा परवानाही मिळतो.

आणखी एक. तुमचा परवाना त्याच्या परवान्यावर टांगलेला असतो. त्याची नोकरी गेली तर त्याला दुसरी शोधायला तीन महिने मिळतात, तेवढाच वेळ तुम्हालाही. सुरुवातीच्या वर्षांत संसार मोडला तर तुमचं तिथलं राहणंही धोक्यात येतं. घरात मारहाण झाली तर कायदा स्वतंत्र परवान्याची वाट देतो, हे माहीत असू द्या. लग्नाआधी असं बोलणं अशुभ वाटेल. पण मी इथे मराठी मुलींना रात्री साडेदहाला फोनवर रडताना ऐकलंय, आणि त्यातल्या काहींना स्वतःचा पासपोर्ट कुठे ठेवलाय हेही माहीत नव्हतं. पासपोर्ट, कार्ड, दाखल्यांच्या मूळ प्रती तुमच्या स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा. पोचल्यावर पाच दिवसांत नगरपालिकेत नोंद करायची असते, तिथून मिळणारा बीएसएन, म्हणजे तिथला ओळख क्रमांक, तुमचा स्वतःचा असतो. लगेच स्वतःच्या नावाचं बँक खातं उघडा. आरोग्य विमाही प्रत्येकाला वेगळा घ्यावा लागतो. तीन महिन्यांत क्षयाची तपासणी होते, एक्स-रे काढतात, घाबरू नका.

तुम्ही लग्नानंतरचं पहिलं एकत्र घर नेदरलँड्समध्ये करणार, त्यामुळे युरोपच्या २०१९ पासूनच्या नियमाने तुमच्या मालमत्तेला तिथलाच कायदा लागू होतो: लग्नानंतर जे कमवाल आणि जे कर्ज घ्याल ते दोघांचं, आधीचं आणि वारशाचं ज्याचं त्याचं. त्याच्या किंवा तुमच्या घरचं मोठं कर्ज डोक्यावर असेल तर लग्नाआधी एकदा मोकळेपणाने बोलून घ्या.

बाकी देशांचं दोन ओळींत, कारण खाली कुणीतरी विचारेलच. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा परवाना) जोडीदाराला आधी जर्मन शिकून जावं लागत नाही. ब्रिटनचा आणि अमेरिकेचा वाग्दत्त जोडीदाराचा व्हिसा नोकरीवर गेलेल्या भारतीयाच्या जोडीदारासाठी नसतो. अमेरिकेचा फक्त तिथल्या नागरिकाच्या जोडीदारासाठी आहे आणि पोचल्यापासून ९० दिवसांत लग्न करावं लागतं, ब्रिटनचा नागरिकाच्या किंवा तिथे कायम स्थायिक झालेल्याच्या जोडीदारासाठी.

कागद जमवताना कुठे अडलात तर इथेच खाली लिहा. डिसेंबरच्या समारंभासाठी नेसायची पैठणी मात्र सप्टेंबरच्या सामानात भरू नका, ती आईकडेच राहू द्या. बॅगेचं वजन सहसा तेवीस किलोच चालतं, आणि पहिल्या थंडीला जाड जॅकेट लागतं.