पट्टी एकच ठेव

चि.स अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझा आवाज रडवेला होता. समोरच्या पक्षाचा माणूस मंत्री व्हायचाय, त्याला अमेरिकी सिनेटने होकार द्यायचा की नकार, याचं सिनेटरबाईंना टिपण द्यायचंय, आणि "मावशी, तो मला पटत नाही, तेवढं पुरतं का?" नाही पुरत. आपला असो की त्यांचा, मोजायची पट्टी एकच ठेव.

1993 साली आपल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याच्या मंत्रिपदासाठी झोई बेअर्ड यांचं नाव दिलं. घरकामाला कागदपत्रं नसलेली माणसं ठेवली, त्यांचा कर भरला नाही, म्हणून बाईंना माघार घ्यावी लागली. मी हळहळले. नोकरी करणाऱ्या बाईने मुलं कोणाच्या भरवशावर टाकायची, म्हणून वाद घातला. 2001च्या जानेवारीत समोरच्या रिपब्लिकन पक्षाच्या बुश यांनी मजूरमंत्रिपदासाठी निवडलेल्या लिंडा चावेझ जवळपास तशाच कारणावरून मागे हटल्या. तेव्हा मॅडिसनच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, 9 तारखेच्या चौकटीत, मी लाल पेनाने लिहिलं, "गेली!" ते पान अजून माझ्याकडे आहे. बघवत नाही आणि टाकवतही नाही.

त्याच महिन्यात बुश यांनी अ‍ॅटर्नी जनरल पदासाठी निवडलेले जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट यांची सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. मिसुरीचे कृष्णवर्णीय न्यायमूर्ती रॉनी व्हाइट गुन्हेगारांना सैल सोडतात, असं म्हणून 1999 साली केंद्रीय न्यायाधीशपदी त्यांची नेमणूक तेव्हा सिनेटर असलेल्या अ‍ॅशक्रॉफ्टनी पाडली होती. आता व्हाइट स्वतः साक्षीला बसले. मी आमच्या सिनेटरच्या, रस फाइनगोल्ड यांच्या कार्यालयात फोनवर फोन केले. त्यांनी तरीही होकार दिला. समितीतल्या डेमोक्रॅट्सपैकी एकट्याने. त्यांचं म्हणणं, मंत्री राष्ट्राध्यक्षाबरोबर येतो नि जातो, न्यायाधीश जन्मभर बसतो. दोघांना एकाच काट्यावर तोलू नये. मी चिडले होते. ऑक्टोबरात अ‍ॅशक्रॉफ्टना हवा असलेला, सरकारला पाळतीचे जादा अधिकार देणारा पेट्रियट कायदा सिनेटमध्ये 98 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झाला. तो एक म्हणजे फाइनगोल्ड.

मंडळात मी त्यांची बाजू घेतली तर मला फितूर म्हणाले. पक्ष मी सोडला नाही, तिकडे एकही मत टाकलं नाही, हे तुला माहीत आहे. आणि ऐक, अ‍ॅशक्रॉफ्टना मी आजही नकारच दिला असता, व्हाइट यांच्यासाठी. पण आपल्या पक्षाच्या माणसाने तेच केलं असतं तर त्यालाही दिला असता. एवढंच तर म्हणतेय मी इतकी वर्षं!

"ते लोक करतात, मग आपण का नाही" हे मला ऐकवू नकोस. त्या माणसाची उत्तरं वाच, सगळी, चारशे पानं असली तरी. नाव झाकून आपल्यातल्या कोणाचं तरी नाव घाल. तरीही संताप आला, तर खुशाल नकार लिही, आणि मग एक शब्दही मवाळ करू नकोस. नाव बदलताच संताप ओसरला, तर ते वाक्य खोड. पट्टी एकच.

गुरुवारपर्यंत टिपण पाठव. नावाच्या जागा कोऱ्या ठेव.

तुझी मावशी