टेक्सासमधल्या लॅटिनो विद्यार्थी संघटनेत मराठी मुलाने जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टात एमएससाठी टेक्सासला निघालात, विद्यापीठाच्या यादीत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेत मुळं असलेल्या, विद्यार्थ्यांच्या बऱ्याच संघटना दिसल्या, थोडं स्पॅनिश येतं. तर तिथे जावं का, उपरं वाटेल का, आणि शाकाहारी माणसाचं काय होतं?

जा. कुणी अडवत नाही. सरकारी विद्यापीठात नोंदलेल्या विद्यार्थी संघटनेला वंश किंवा मूळ देश पाहून कुणाला बाहेर ठेवता येत नाही, आणि तसं करावं असं तिथे कुणाला वाटतही नाही. मी वर्ध्याची. २०१८ ते २०२३ ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात पीएचडीला होते. पहिल्या बैठकीला गेले तेव्हा नाव विचारायच्या आधी हातात शिंपल्याच्या नक्षीचा गोड पाव, म्हणजे कोंचा, ठेवला गेला.

उपरं मात्र मला वाटलं, आणि त्यात चूक माझीच होती. माझा हिशेब सोपा होता: मी परदेशी, तेही परदेशी, म्हणजे आपण समदुःखी. शेजारच्या मुलीला विचारलं, "तू मूळची कुठली?" ती म्हणाली, "सॅन अँटोनिओ." म्हटलं, "तसं नाही, मूळची?" ती शांतपणे म्हणाली, "सॅन अँटोनिओ. माझी पणजीसुद्धा." १८३६ पर्यंत टेक्सास मेक्सिकोतच होतं. अशी कित्येक घरं जागची हलली नाहीत, सीमाच त्यांच्या अंगावरून गेली. हे वाक्य तुम्हाला तिथे टी-शर्टवरही दिसेल.

दुसरी चूक जास्त लागली. आपल्या मुलांत रात्रंदिवस व्हिसाचंच बोलणं असतं. एफ-१, ओपीटी, एच-१ची लॉटरी, "तुझं स्टेटस काय?" हे आपण "जेवलास का?" इतक्या सहज विचारतो. मी तेच तिथे विचारलं आणि टेबल गप्प झालं. लहानपणी आई-बापांच्या कडेवर बसून आलेली, कागदपत्रं नसलेली मुलं त्या टेबलाशी असू शकतात, हे माझ्या गावीही नव्हतं. त्यांच्यातल्या काहींना २०१२ सालच्या 'डाका' (DACA) या अशा मुलांसाठीच्या योजनेमुळे काम करायचा परवाना मिळाला होता, तोही दर दोन वर्षांनी नव्याने मागायचा. टेक्सासने २००१ मध्ये अशा मुलांना स्थानिक दराने फी लावायचा कायदा केला होता, तसं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. जून २०२५ मध्ये न्यायालयाने तो बंद पाडला. म्हणून एवढं पाळा: कुणी आपणहून सांगेपर्यंत कागदांचा विषय काढायचा नाही.

तर ही मंडळी कोण? बहुतेक बीएच्या, बीएसच्या वयाची, म्हणजे तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. घरातलं कॉलेजात गेलेलं पहिलंच माणूस, अशी पुष्कळ. अर्धी सॅन अँटोनिओ-ह्यूस्टनची, बाकी 'व्हॅली'ची. व्हॅली म्हणजे पार दक्षिणेला रिओ ग्रांदे नदीकाठचा पट्टा, ऑस्टिनपासून गाडीने पाचेक तास. फीमाफीचा फॉर्म कसा भरायचा, प्राध्यापकाला ईमेल कशी लिहायची, हे घरी विचारायला कुणी नाही. ते वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना शिकवतात. संघटनेचं निम्मं काम हेच. नाच-गाणं त्याच्या वरचं.

आपल्या मंडळासारखं सणापुरतं जमणं तिथे नसतं, कारण या संघटना मुळात भांडणातून उभ्या राहिल्या. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधल्या शाळांतून हजारो मेक्सिकन-अमेरिकन मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली, शाळांची अवस्था आणि मास्तरांची वागणूक यांविरुद्ध. पुढच्याच वर्षी सांता बार्बराला परिषद भरली आणि 'मेचा' ही विद्यार्थी चळवळ उभी राहिली. ती अजून अनेक विद्यापीठांत आहे. हिस्पॅनिक अभियंत्यांची 'शिपे' (SHPE) १९७४ची. लॅटिनो बंधुसंघ (फ्रॅटर्निटी) त्याहून जुने: फाय आयोटा अल्फा १९३१चा. मुलींचा पहिला, लॅम्डा थीटा अल्फा, न्यू जर्सीतल्या कीन कॉलेजात १९७५ मध्ये निघाला. बंधुसंघ-भगिनीसंघांत वेळ आणि पैसा दोन्ही जातात. एमएसच्या दोन वर्षांत मी त्या वाटेला जायला सांगणार नाही.

नावावरून वाद होतात, घाबरू नका. एक अख्खी बैठक पुल्लिंगी 'लॅटिनो' की स्त्री-पुरुष भेद न करणारं 'लॅटिनएक्स' किंवा 'लॅटिने' यावर गेली आणि ठराव न होता पिझ्झा संपला. हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिशशी नातं असलेला, म्हणून ब्राझीलचा मुलगा लॅटिनो पण हिस्पॅनिक नाही. मेक्सिकन-अमेरिकनांसाठीच्या 'चिकानो' शब्दात राजकारण आहे, 'तेहानो'त टेक्सासची माती. व्हेनेझुएलाहून गेल्या वर्षी आलेल्या मुलीला यातलं काहीच आपलं वाटत नाही. ती म्हणते, मी व्हेनेझुएलन. कोकणी माणसाला कुणी नुसतंच 'इंडियन' म्हटलं की होतं तसंच काहीसं.

स्पॅनिश येतं म्हणालात, तर एक काळजी घ्या. तिथल्या कित्येकांना ते तुमच्यापेक्षा कमी येतं. एके काळी टेक्सासच्या शाळांत स्पॅनिश बोललं की मार मिळायचा. तो खाल्लेल्या आजोबांनी पुढे घरात इंग्रजीच चालवलं. अशा मुलांना 'नो साबो' म्हणून चिडवतात, कारण 'मला माहीत नाही'चं बरोबर रूप 'नो से', आणि ती चुकून 'नो साबो' म्हणतात. आपण अ‍ॅपवर शिकलेलं स्पॅनिश त्यांच्यासमोर फडाफडा बोलून दाखवणं हा उद्धटपणा आहे. मी तो केलाय.

माझं खऱ्या अर्थाने जमलं ते नोव्हेंबरात. १ आणि २ तारखेला दिया दे लोस मुएर्तोस, मृतांचा दिवस. ओफ्रेंदा मांडतात: गेलेल्यांचे फोटो, पाणी, मीठ, मेणबत्त्या, त्यांच्या आवडीचं खाणं. कुणाच्या आजोबांसाठी बिअरची बाटली, कुणाच्या मावशीसाठी तिची सिगारेट. आपल्या पितृपक्षाची आठवण येणारच, पण तिथे सुतकी वातावरण नाही. गेलेल्यांच्या खोड्या सांगून हसतात. आणि सगळीकडे झेंडू. त्याला ते सेम्पासुचिल म्हणतात. आमच्या मुलींनी फुलं पाकळ्या करून पसरायला घेतली होती. मी सुई-दोरा मागितला आणि दसऱ्याला करतो तसं तोरण ओवलं. त्या बघतच राहिल्या. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, आपल्याकडे आला तो समुद्रमार्गे, हे मला त्या दिवशी कळलं. मिरची, चिकू, सीताफळ, पेरू यांचीही मुळं तिकडेच.

२०२२च्या ओफ्रेंदाच्या वेळी वनस्पतिशास्त्रात पीएचडी करणारा एक मेक्सिकन मित्र म्हणाला, "सप्टेंबरात आमच्या चापिंगोच्या कृषी विद्यापीठात तुमच्या माणसाचा पुतळा बसवला." कोण माणूस? पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांच्या हद्दीत परतायची सोय नाही म्हणून १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले, चापिंगोला शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. प्रसिद्ध मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलंय. १९६७ मध्ये ते नागपूरला वारले. जन्म वर्ध्याचा. माझ्या वर्ध्याचा! आणि हे मला एका मेक्सिकन मुलाकडून कळावं. त्या वर्षी त्यांचा फोटो छापून आम्ही ओफ्रेंदावर ठेवला, पुढे मक्याचं एक कणीस.

आता बदललेली गोष्ट. टेक्सासचा एसबी १७ हा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. सरकारी विद्यापीठांची विविधता-समावेशनाची कार्यालयं त्याने बंद झाली. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या संघटनांना कायद्यात सूट आहे, त्यामुळे त्या आहेत. पण आधी हॉल, पगारी माणूस, थोडाफार निधी विद्यापीठाकडून यायचा. आता मुलांना बराच खर्च स्वतः उभा करावा लागतो. स्पॅनिश-इंग्रजी दोन्हींत होणारा पदवीदानाचा वेगळा सोहळा, ज्यात शाली गळ्यात घालून मुलं आई-वडिलांना मंचावर नेतात, त्यासाठीही आता वर्गणी काढावी लागते. तेव्हा कन्सेशन स्टँडवर, म्हणजे खाण्यापिण्याच्या ठेल्यावर, उभं राहायला, टेबल मांडायला माणूस हवा असतो. तिथे हात लावा, ओळखी आपोआप होतील.

कुठे जायचं? इंजिनिअरिंगला असाल तर शिपे. रेझ्युमे तपासून देतात, वार्षिक अधिवेशनात नोकरभरती असते. मात्र तिथे येणाऱ्या सगळ्याच कंपन्या व्हिसा देत नाहीत, आधी विचारून घ्या. गाता-वाजवता येत असेल आणि ऑस्टिनला जाणार असाल तर मारियाची परेदेस हा मेक्सिकन लोकसंगीताचा वाद्यवृंद ऐकाच, १९७७ पासून विद्यापीठात आहे. फोल्कलोरिको या मेक्सिकन लोकनृत्याला मी वर्षभर गेले. तो घेरदार घागरा दोन्ही हातांनी फिरवताना दंड भरून येतात.

राहिलं खाणं. "मी शाकाहारी" म्हटल्यावर "मग चिकन चालेल ना?" हे ऐकायची तयारी ठेवा. खरी गोम चरबीत आहे. घट्ट शिजवलेले राजमे, मैद्याच्या तोर्तिया (पोळ्या), तमाले, सगळ्यांत डुकराची चरबी असू शकते, आणि वरून काही कळत नाही. डिसेंबरात कुणाच्या तरी घरी तमालादा, म्हणजे जमून तमाले करणं, होते: चुन्याच्या निवळीत उकडलेल्या मक्याचं पीठ, ते कणसाच्या सालीवर थापायचं, आत सारण, गुंडाळायचं, वाफवायचं. पानगे केलेल्या माणसाला हात बसायला दहा मिनिटं लागतात. व्हॅलीतल्या एका मैत्रिणीच्या आजीने माझ्यासाठी तेलात मळलेलं पीठ वेगळं काढलं, मिरचीच्या पट्ट्या आणि चीज भरलं, आणि सालीचीच दोरी करून बांधलं. बाकीच्यांना एक गाठ, माझ्यांना दोन. शंभरएक तमाल्यांच्या त्या भांड्यातून मी दोन गाठींचे सहा शोधून काढले तेव्हा आजी म्हणाली, "मिहा (पोरी), एवढेच?"