अकरावीतल्या मुलाला रात्री घरी यायची वेळ ठरवून द्यावी का?

तुमचा सोळा वर्षांचा मुलगा क्लासनंतर कट्ट्यावर रेंगाळतो, कधी साडेनऊ तर कधी साडेदहा वाजवतो, आणि त्याला बंधन घालावं का, असं तुम्ही विचारलंय. घालावं. फक्त 'लवकर ये' हे बंधन नव्हे. तुमचं लवकर आठला संपतं, त्याचं दहाला. आकडा सांगा.

हा आकडा सकाळपासून उलटा मोजत यायचा. कॉलेज ७:२० चं, म्हणजे उठणं ६ ला. या वयात झोप ८ ते १० तास लागते, म्हणजे १० ला अंथरुणावर. (शरीराचं घड्याळच या वयात पुढे सरकतं, त्यामुळे पडल्या पडल्या डोळा लागला नाही तर त्याला ढोंग म्हणू नका.) जेवण आणि उद्याची बॅग यात पाऊण तास जातो. घरी ९:१५. आता क्लास ८:१५ ला सुटत असेल, बसचा प्रवास २५ मिनिटांचा असेल, तर कट्ट्याला चांगला अर्धा तास उरतो. तो त्याचा हक्काचा, त्यात हात घालू नका. क्लासच ९ ला सुटत असेल तर मात्र मुलाशी भांडण्यापेक्षा बॅच बदला. आइसलँडमध्ये तर हे कायद्यातच आहे: १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी मोठ्यांशिवाय हिवाळ्यात रात्री १० नंतर आणि उन्हाळ्यात १२ नंतर बाहेर राहायचं नाही. पण शाळेच्या किंवा खेळाच्या कार्यक्रमाहून थेट घरी येणाऱ्याला तिथेही सूट आहे.

नियम मोडतो तो बहुधा दारात. बेल वाजली की झडती सुरू झाली, तर पुढच्या वेळी उशीर होताना त्याचा फोन बंद लागेल. म्हणून अट एकच: उशीर होणार हे ९:१५ च्या आधी कळवायचं. आधी फोन आला तर उशीर माफ. दहा मिनिटं मनात सूट धरा, पण त्याला सांगू नका, नाहीतर ९:२५ हीच वेळ होते. न कळवता २० मिनिटं उशीर झाला, तर दुसऱ्या दिवशी २० मिनिटं आधी घरी. विषय संपला, आणि बोलायचं ते सकाळी. मोबाइल महिनाभर जप्त केलात तर फोन करणार कशावर?

वेळ गाठायला गाडी मात्र देऊ नका. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा असतो, आणि घरोघरची स्कूटर शंभर सीसीच्या वरची असते. पकडला गेला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. शिवाय घाईत चालवलेली गाडी ही उशिरापेक्षा वाईट. कुठूनही, कितीही वाजता फोन केलास तर घ्यायला येतो, हे आधीच सांगून ठेवा.

घरात त्याच वयाची मुलगी असेल तर तिलाही हाच हिशेब. तिला साडेसात आणि त्याला साडेदहा, हा हिशेब नव्हे.

गणपतीत हे सगळं कोलमडतं, तेव्हा त्या दिवसांचं वेगळं ठरवा. मांडवात रात्री राखणीला थांबणार असेल, तर सोबत मोठं माणूस कोण आणि त्याचा नंबर काय, एवढं फ्रीजवर लिहून घ्या.