कोळंबी, गांध्या आणि स्वादुपिंडाचा दाह

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय 41 आहे. गेल्या महिन्यात कोळंबीचे कालवण खाल्ल्यावर तासाभरात त्यांच्या अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले आणि रात्री पोटाच्या वरच्या भागात उठलेली कळ पाठीपर्यंत गेली. रक्तातील लायपेज (स्वादुपिंडातले पाचक विकर) सामान्य कमाल मर्यादेच्या सहापट निघाल्याने स्वादुपिंडाचा तीव्र दाह असे निदान झाले. ते मद्य घेत नाहीत, सोनोग्राफीत पित्ताशयात खडेही दिसले नाहीत. हे कोळंबीच्या ॲलर्जीमुळे झाले असेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : शक्यता आहे, पण ती विरळा आहे. दूध, अंडी, मासे, किवी अशा पदार्थांच्या ॲलर्जीसोबत स्वादुपिंडाचा दाह झालेल्या मोजक्याच रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आढळतात. स्वादुपिंडाची नळी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जिथे उघडते, ते अरुंद तोंड ॲलर्जीने सुजले की पाचक रस तुंबतो आणि त्यातील विकरे स्वादुपिंडालाच इजा करू लागतात, असे स्पष्टीकरण दिले जाते; ते पटण्याजोगे असले, तरी सिद्ध झालेले नाही.

आपल्या यजमानांना कोळंबीची ॲलर्जी असणे जवळजवळ निश्चित वाटते, परंतु दाह तिच्यामुळेच झाला हा निष्कर्ष वेगळा आहे. जड जेवणानंतर पित्ताशय आकुंचन पावून त्यातला बारीक खडाही नळीत सरकून तेच तोंड अडवू शकतो, म्हणजे ‘जेवणानंतर दुखले’ एवढा पुरावा दोन्ही बाजूंना लागू पडतो. असे खडे आणि पित्तातला गाळ पहिल्या सोनोग्राफीत अनेकदा निसटतात. म्हणून ती पुन्हा करावी, आणि त्यातही काही न दिसल्यास एंडोस्कोपिक सोनोग्राफीविषयी (तोंडावाटे दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) पोटविकारतज्ज्ञांना विचारावे. रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी दर डेसिलिटरला 1000 मिलिग्रॅमच्या वर गेल्यानेही दाह होतो; मात्र रुग्णालयात उपाशी ठेवल्यावर ती झपाट्याने उतरत असल्याने दाखल होतानाचा अहवाल पाहावा. कॅल्शियम आणि चालू औषधांची यादीही तपासून घ्यावी.

त्वचेवरील किंवा रक्तातील ॲलर्जी चाचणी कोळंबीविषयीची संवेदनशीलता दाखवील, दाहाचे कारण नव्हे. खात्रीसाठी घरी पुन्हा कोळंबी खाऊन पाहणे हे तर जिवावर बेतणारे धाडस ठरेल. तज्ज्ञांचे मत येईपर्यंत कोळंबीबरोबर खेकडे आणि शेवंडही टाळावेत, कारण या तिघांत ॲलर्जी घडवणारे प्रथिन बरेचसे सारखे असते. सुरमई किंवा पापलेट यांत ते तसे नसल्याने ते कायमचे सोडण्याचा निर्णय चाचणीनंतरच घ्यावा.