परसातल्या कोंबड्या : काळीला सगळ्या मिळून टोचायल्यात

प्रश्न : काकू, आम्ही खानापूर तालुक्यातले, जंगलाच्या कडेला घर. आठ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, पाच गिरिराज (सुधारित जातीच्या) आणि तीन गावठी. गावठीतली काळी जूनमध्ये खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसली, 21 दिवस बसली पण एक पण पिल्लू निघालं नाही. उठल्यावर तिला सगळ्यांच्यात सोडलं तर सगळ्या तिच्यावर तुटून पडायल्यात, शेपटीजवळची पिसं गेली, काल रक्त पण आलं. पाऊस थांबत नाही म्हणून सगळ्या दिवसभर खुराड्यातच, 4 बाय 5 फुटाचं आहे. तांदळाच्या कण्या पोटभर घालतो. शेजारचे म्हणतात टोचू नयेत म्हणून सगळ्यांच्या चोचीची टोकं भाजा, सासूबाई म्हणतात रविवारी रस्सा करा. काय करू?

उत्तर : अगं रस्सा राहू दे, आधी आज रात्री काळीला खुराड्यातून उचल. अंधारात कोंबडी गप असते. मांडीवर घे, मोबाईलचा टॉर्च लाव आणि कुठली पिसं गेलीत ते नीट बघ. छातीखाली उघडी असेल तर ते खुडूक बसताना तिनं स्वतःच उपटलेलं असतं, त्याची काळजी नको. पाठीवर आणि मानेच्या मागं असेल तर ते कोंबड्याचं काम, आठ कोंबड्यांत एक कोंबडा तसा जास्त नाही पण त्याची एखादी लाडकी असते आणि तिचीच पाठ सोलून निघते. शेपटीच्या मुळाशी असेल तर मग इतर कोंबड्याच, आणि तुझ्या पत्रावरून तेच दिसतंय. बुडाजवळ पिसांच्या मुळाशी पांढरट गोळे चिकटलेत का ते पण बघ, ती उवांची अंडी.

आता हे का झालं ते सांगते. कोंबड्यांत नंबर असतात, पहिली कोण, दुसरी कोण, दाण्यावर आधी कोण. काळी 21 दिवस बाजूला बसली तेवढ्यात तिचा नंबर गेला, परत आली ती त्यांच्या लेखी नवीनच कोंबडी. एरवी चार टोचे खाऊन विषय संपला असता, कारण पळायला परस असतो. पण तुझ्याकडं 20 चौरस फुटात नऊ जीव दिवसभर कोंडलेत, ती पळणार कुठं? माझ्या मते दिवसभर आत ठेवायच्या तर एकीमागं निदान 4 चौरस फूट तरी पाहिजेतच.

दुसरं म्हणजे कण्या. नुसत्या कण्यांत प्रोटीन 7-8 टक्के, अंडी घालणाऱ्या कोंबडीला 16 ते 18 टक्के लागतं, आणि पिसात 80 टक्क्यांच्या वर प्रोटीन असतं. उपटलेलं पीस ती गिळते का बघ, गिळत असेल तर निम्मं भांडण पोटाचं आहे. लेअर फीड, म्हणजे अंड्याच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, आणता आलं तर बरंच, नाहीतर कण्यांत मक्क्याचा भरडा आणि थोडी शेंगदाण्याची पेंड घाल. पण पावसाळ्यातली पेंड हुंगून घे गं, बुरशीचा वास आला तर कोंबड्यांना अजिबात नको, लिव्हर जातं. सुकट मिळाली तर दोन पाण्यात धुऊन मीठ काढून मूठभर. आमची आजी वाळवीचं ढेकूळ फोडून टाकायची, त्यावर कोंबड्या अर्धा तास एकमेकींकडं बघायच्या पण नाहीत.

जखमेचं सांगते. कोमट मिठाच्या पाण्यानं धू, कोरडी कर, हळद लाव आणि वरून गुरांच्या जखमेवर मारतात तो माशा न बसणारा स्प्रे मार. लाल दिसलं की बाकीच्या पण टोचायला येतात, म्हणून जखम भरेपर्यंत काळीला वेगळी ठेवायचीच. पण लांब डालग्याखाली कोंडू नको, त्याच खुराड्यात कोपऱ्याला जाळी मारून ठेव म्हणजे सगळ्यांना ती दिसत राहते आणि परत विसरत नाहीत. जखमेत किडे दिसले, वास आला किंवा खाणं सोडलं तर सरळ जनावरांच्या दवाखान्यात ने.

आणि आता माझं खरं म्हणणं. सगळ्या टोचतात असं वाटतं पण सुरुवात करणारी एक-दोनच असतात. अर्धा तास स्टुलावर बसून बघ, तुझी गिरिराजच निघेल, ती गावठीपेक्षा अंगानं दुप्पट असते. तिला उचल आणि चार-पाच दिवस न दिसेल अशा ठिकाणी डालग्याखाली ठेव. परत आली की तिचाच नंबर खाली गेलेला असतो. लोक मार खाणारीलाच बाहेर काढतात आणि गुंड आत, मग कसं थांबणार. जखम भरली की काळीला रात्री, सगळ्या झोपल्यावर दांडीवर बसव, त्याआधी दोन दिवस एखाद्या गरीब कोंबडीबरोबर जाळीत ठेवलंस तर सोबत पण होते. पुढचे दोन-तीन दिवस थोडे टोचे बसणार, रक्त नाही ना एवढं बघायचं.

मागच्या पडवीला जाळी मारून जागा वाढव, दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेव, आणि एका घमेल्यात कोरडी राख-माती, पावसात त्यांना लोळायला काही मिळत नाही आणि उवा त्यामुळंच वाढतात. कोबीचा गड्डा डोक्याच्या उंचीवर टांगून ठेव, चोचीला काम.

चोची भाजू नको, घरात तर नाहीच, आत जिवंत नस असते.

पिसं मुळासकट निघाली असतील तर दीड-दोन महिन्यांत नवी येतील. अर्धी तुटून काडी राहिली असेल तर पुढं पिसं झडेपर्यंत ती तशीच राहणार, उपटायला जाऊ नको. नवीन पीस आधी निळसर नळीसारखं येतं, त्यात रक्त असतं, तेव्हा परत टोचायचा धोका असतो. तोवर काळी कमीच अंडी घालणार, एवढं तेवढं सासूबाईंना आत्ताच सांगून ठेव.